उपचाराचा पुरावा तालुक्याच्या बैठकीत कसा वापरायचा

प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामीण रुग्णालयाचे अधीक्षक, रुग्ण कल्याण समितीचे सदस्य, जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीवरची मंडळी यांच्यासाठी हा लेख आहे. सांगली असो वा सातारा, कोणतं औषध घ्यायचं, ते उपकेंद्रात ठेवायचं की ग्रामीण रुग्णालयात, जुनी कोणती पद्धत थांबवायची, असे निर्णय हीच माणसं घेतात. मात्र निर्णयाच्या वेळी बैठकीत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘पुण्यात सगळे हेच देतात.’ ‘औषध कंपनीच्या एमआरनं पेपर आणून दिलाय.’ ‘कराडच्या मोठ्या डॉक्टरांचा अनुभव चांगला आहे.’ यातलं कुठलंच वाक्य पुरावा म्हणून पुरेसं नाही.

संशोधन वाचून निर्णय घेणं अवघड नाही. त्याला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही, पण काही प्रश्न ठरावीक क्रमानं विचारावे लागतात. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की असावी. पुरावा नुसत्या औषधाचा कधीच नसतो. औषध, ते देणारा हात, देण्याची जागा आणि नंतर मिळणारी सेवा या सगळ्यांचा मिळून तो पुरावा असतो. यातलं काही बदललं की उत्तरही बदलू शकतं, आणि तसं ते बदललेलं आहे. ती हकीकत चौथ्या पायरीत येईल.

पहिली पायरी : प्रश्न एका वाक्यात लिहा

रक्तस्राव थांबवणाऱ्या एका औषधाचं उदाहरण घेऊ. ‘ट्रानेक्सॅमिक अॅसिड चांगलं आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला, नेहमीच्या ऑक्सिटोसिनच्या जोडीला ग्रामीण रुग्णालयातच ट्रानेक्सॅमिक अॅसिड दिलं, तर नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा मृत्यू कमी होतात का?’ याला उत्तर आहे. प्रश्नात चार गोष्टी हव्यात : कोणाला, काय द्यायचं, कशाच्या तुलनेत, आणि कोणता परिणाम पाहायचा. तालुक्यासाठी मी पाचवी जोडतो : कुठे आणि कोणाच्या हातून. सिस्टर देणार की भूलतज्ज्ञ हजर असताना देणार, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

प्रश्न किती नेमका हवा हे याच औषधावरून दिसतं. रक्तस्राव सुरू झाल्यावर द्यायचं, हा एक प्रश्न. रक्तक्षय असलेल्या बायकांना रक्तस्राव होऊच नये म्हणून आधी द्यायचं, हा दुसरा. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असलेल्या गरोदर बाया इतक्या असतात की दुसरी कल्पना कोणालाही मोह पाडेल. तिची तपासणी १५,०६८ बायकांवर पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियात झाली. २०२३ साली निष्कर्ष आले : औषध दिलेल्यांत जास्त रक्तस्राव ७ टक्के, न दिलेल्यांत ६.६ टक्के. फायदा दिसला नाही. औषध तेच होतं, बदलला होता तो प्रश्न.

दुसरी पायरी : वरून खाली शोधा

बहुतेक जण सुरुवात एका सुट्या पेपरपासून करतात, आणि तो पेपरही ज्याला औषध विकायचं आहे त्यानं निवडून दिलेला असतो. क्रम उलटा ठेवा. आधी केंद्र आणि राज्य शासनाच्या मार्गदर्शक सूचना पाहा. मग आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, ‘स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो’, म्हणजे एकेका आजारासाठी उपचार कसा करावा याचे एक-दोन पानी तक्ते. त्यात पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काय करायचं, कधी रेफर करायचं, हे वेगळं दाखवलेलं असतं. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी. इतकं करूनही प्रश्न सुटला नाही तर कोक्रेनचे आढावे पाहा. एकाच प्रश्नावरचे जगभरातले अभ्यास शोधून, पारखून, एकत्र मांडलेले हे आढावे असतात. सुटे पेपर सगळ्यात शेवटी. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या संकेतस्थळावर त्यांचे सारांश फुकट वाचता येतात. औषध फार खर्चिक असेल तर केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली ‘एचटीएइन’ ही संस्था खर्च आणि परिणाम दोन्ही तपासून अहवाल काढते, तेही पाहावं.

शिफारस वाचताना दोन गोष्टी हमखास सुटतात. एक म्हणजे तारीख. दुसरी म्हणजे शिफारशीखालच्या अटी. ठळक अक्षरातलं वाक्य वाचून पान उलटू नका, बारीक अक्षरातच आपला तालुका त्यात बसतो की नाही ते लिहिलेलं असतं.

इंग्रजी पेपर वाचायला अडचण वाटली तर संकोच करू नये. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. तिथल्या पीएसएम (समाज वैद्यकशास्त्र) विभागाला एक पानी प्रश्न पाठवून मत मागावं. प्रश्न पहिल्या पायरीप्रमाणे लिहिलेला असेल तर उत्तरही नेमकं येतं.

तिसरी पायरी : अभ्यास कसा झाला आणि आकडे काय म्हणतात

‘आमच्याकडे शंभर पेशंटना दिलं, नव्वद बरे झाले’ हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न विचारा : न देता किती बरे झाले असते? तुलनेचा गट नसेल तर तो अनुभव आहे. त्याला मान द्यावा, पण त्यावर खरेदी करू नये. तुलना असली तरी कोणाला औषध मिळालं हे कसं ठरलं ते पाहा. डॉक्टरांनी निवडून दिलं असेल तर बरं होण्याची शक्यता असलेल्यांनाच ते जास्त दिलं गेलेलं असू शकतं. चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी झाली असेल तर दोन्ही गट सारखे राहतात आणि फरक औषधाचाच आहे असं म्हणता येतं.

मग परिणाम कोणता मोजला ते पाहा. रिपोर्टवरचा आकडा सुधारणं आणि माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे जादा ठोके पडत असतील तर एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्या ते दाबतात, म्हणून त्या देण्याची प्रथा होती. चिठ्ठीची वाटणी करून तपासल्यावर १९८९ साली धक्का बसला आणि १९९१ मध्ये पूर्ण आकडे छापून आले : गोळ्या घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, साध्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्या ७४३ जणांत २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसं दगावत होती. ‘साखर उतरली’, ‘ठोके नियमित झाले’, ‘सूज कमी झाली’ एवढ्यावर थांबलेला पेपर समोर आला की मला हेच आकडे आठवतात.

आता बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाकडे वळू, कारण आकडे वाचण्याची सवय याच उदाहरणावर चांगली लागते. ‘वुमन’ नावाचा मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. २१ देशांतली १९३ रुग्णालयं, २०,०६० बाया. रक्तस्राव सुरू झाल्यावर निम्म्या जणींना एक ग्रॅम ट्रानेक्सॅमिक अॅसिड शिरेतून दिलं. रक्तस्रावामुळे मृत्यू : औषध दिलेल्यांत १.५ टक्के, न दिलेल्यांत १.९ टक्के. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलेल्यांत १.२ विरुद्ध १.७ टक्के.

हेच आकडे दोन तऱ्हेनं सांगता येतात. कोणी म्हणेल, ‘मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी.’ कोणी म्हणेल, ‘हजारात पाच मृत्यू कमी.’ दोन्ही खरं आहे, पण निर्णय दुसऱ्या वाक्यावर घ्यावा. हजारात पाच म्हणजे तीन तासांच्या आत २०० जणींना दिलं तर एकीचा जीव वाचतो. समजा आपल्या रुग्णालयात वर्षाला २,००० बाळंतपणं होतात आणि त्यात शंभरातल्या तिघींना जास्त रक्तस्राव होतो. म्हणजे वर्षाला ६० जणी. त्या हिशेबानं साधारण तीन-साडेतीन वर्षांत एक आई वाचेल. आपल्याकडे मृत्यूचं प्रमाण मुळात त्या रुग्णालयांपेक्षा कमी असेल तर आणखी उशिरा. ऐकायला हे थोडं वाटतं. पण औषध महागडं नाही, वापरायला सोपं आहे, आणि त्या अभ्यासात गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला नाही. मला विचाराल तर साडेतीन वर्षांत एका घरची आई जिवंत घरी परतणं हे खरेदीसाठी पुरेसं कारण आहे.

याच अभ्यासाचा दुसरा भागही सांगायला हवा, कारण तो बैठकीत कोणी सांगत नाही. संशोधकांनी मुख्य परिणाम ठरवला होता तो ‘मृत्यू किंवा गर्भपिशवी काढावी लागणं’ असा एकत्र. त्यात फरक पडला नाही : ५.३ विरुद्ध ५.५ टक्के. म्हणजे पिशवी काढणं या औषधानं टळेल असं घरच्यांना सांगू नये.

चौथी पायरी : आपल्याकडे लागू पडतं का

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या मते बहुतेक चुकीचे निर्णय पुरावा खोटा असल्यामुळे होत नाहीत, खरा पुरावा भलत्या जागी लावल्यामुळे होतात.

वेळेआधी कळा सुरू झालेल्या बाईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडमध्ये १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं. नंतर अनेक अभ्यासांनी ते पक्कं केलं. मग साहजिक विचार आला : इतकं स्वस्त इंजेक्शन गावोगावी का देऊ नये? ‘अॅक्ट’ नावाच्या अभ्यासानं तेच करून पाहिलं. सहा देश, सुमारे एक लाख बाळंतपणं. भारतातली दोन ठिकाणं नागपूर आणि बेळगाव. बेळगाव म्हणजे मिरजेहून रेल्वेत बसलं की काही तासांत येणारं शहर, हा पुरावा परका नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांना वेळेआधीचं बाळंतपण ओळखायला शिकवलं, पाळीची तारीख माहीत नसेल तर पोटाची उंची मोजायला टेप दिली, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची किट दिली.

२०१५ मध्ये निकाल लागला. सर्वांत कमी वजनाच्या बाळांत मृत्यू कमी झाले नाहीत : हजारात २२५ विरुद्ध २३२, हा फरक धरण्याजोगा नव्हता. सगळी बाळं मिळून पाहिलं तर उलट वाढले : इंजेक्शनची मोहीम राबवलेल्या भागात हजारात २७.४, इतर भागात २३.९. आयांमध्ये संसर्गाचा संशयही जास्त आढळला.

पाच वर्षांनी, २०२० साली, ‘अॅक्शन’ हा अभ्यास आला. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया, नायजेरिया. २९ रुग्णालयं, २,८५२ बाया. इंजेक्शन तेच डेक्सामेथासोन, डोस तोच : सहा मिलिग्रॅम, बारा तासांनी एक, जास्तीत जास्त चार. नवजात मृत्यू १९.६ टक्के, न दिलेल्यांत २३.५. साधारण २५ जणींना दिलं की एक बाळ वाचलं. आयांचा संसर्गही वाढला नाही.

एकच इंजेक्शन, दोन उत्तरं. दुसऱ्या अभ्यासात दिवस किती गेलेत हे सोनोग्राफीनं पक्कं केलेलं होतं, २६ ते ३४ आठवड्यांच्या आतल्याच बाया घेतल्या होत्या, आणि लहान बाळ सांभाळायची सोय त्याच रुग्णालयात होती. पहिल्यात अंदाज टेपवर होता, इंजेक्शन मिळालेल्या बहुतेकींची बाळं मुळात तशी अपुऱ्या दिवसांची किंवा फार लहान नव्हती, आणि जन्मलेल्या बाळाला पुढे काय मिळेल याची खात्री नव्हती. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अटींसकट आहे : दिवस नीट ठरवता यावेत, बाळंतपण लवकरच होण्याची दाट शक्यता असावी, आईला संसर्ग नसावा, बाळंतपणाची पुरेशी सोय असावी, आणि बाळाला ऊब, दूध, संसर्गावर उपचार, गरज पडल्यास श्वासाचा आधार मिळावा.

आता या अटी घेऊन आपल्या तालुक्यात फिरा. वाळवा, कराड, पलूस भागात ऊस हंगामात बीडकडून टोळ्या येतात. त्यातली गरोदर बाई कळा देत येते तेव्हा तिचं माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिलेलं असतं, शेवटच्या पाळीची तारीख ‘दिवाळीच्या आसपास’ अशी असते, सोनोग्राफी झालीच असेल तर तिचा कागद फडावर मिळत नाही. पहिली अट इथेच अडते. जतच्या पूर्व भागात दिवस बरोबर माहीत असतील, पण मिरज-सांगली गाठायला दोन तास सहज जातात. पाटणच्या डोंगरात पावसाळ्यात रस्ताच बंद होऊ शकतो. प्रत्येक ठिकाणी अडसर वेगळा, म्हणून उपायही वेगळा.

केंद्र शासनानं २०१४ मध्ये वेळेआधीच्या कळांमध्ये रेफर करण्याआधीचा स्टेरॉइडचा पहिला डोस एएनएमनं (उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेनं) द्यावा अशा सूचना काढल्या. शासकीय सूचना बदलण्याचा अधिकार तालुक्याला नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. तालुक्याच्या हातात त्या सूचनेच्या अटी पुऱ्या करणं आहे. लवकरच्या सोनोग्राफीचे आठवडे कार्डाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिणं, टोळीच्या मुकादमाकडे कार्डाच्या फोटोची मागणी करणं, १०८ ची गाडी येण्याआधी एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाला, फोन जाणं. इंजेक्शनचा साठा वाढवण्यापेक्षा यात जास्त बाळं वाचतील असं मला वाटतं.

घरचा पुरावा परक्या पुराव्यापेक्षा जास्त कामाचा असतो, याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये निष्कर्ष छापले : नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढेही जातात, त्याचं मूळ तिथे आहे. रुग्णालय दूर असलेल्या गावांत हा अभ्यास झाला होता. ज्या गावात आज प्रत्येक बाळंतपण दवाखान्यात होतं तिथे फायदा तेवढाच होईल असं धरू नये, पण भेटी वगळूही नयेत.

शिराळ्यासाठी एक जोड. सर्पदंशानंतर देतात ती भारतीय प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनते, आणि त्यासाठीचं बरंचसं विष तमिळनाडूतून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं हे भारतीय संशोधनातून दिसलं आहे. तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयाचा ‘इतक्या व्हायलमध्ये भागतं’ हा आकडा उचलून इंडेंट, म्हणजे साठ्याची मागणी, ठरवू नये. आपल्याच रजिस्टरमधल्या गेल्या काही वर्षांच्या केसेसवर तो ठरवावा.

पाचवी पायरी : निर्णय एका पानावर लिहा

खर्चाचं थोडक्यात : औषधाच्या किमतीबरोबर शीतसाखळी, सिरिंज, प्रशिक्षण, मुदत संपून वाया जाणारा माल धरा, आणि त्या पैशात काय राहून जाईल ते विचारा. बैठकीत लेबर रूमच्या सिस्टर आणि एक आशाताई असाव्यात. औषध रात्री दोन वाजता कोणाच्या हातात असेल हे त्यांनाच माहीत असतं. ज्या कंपनीचं औषध चर्चेत आहे तिच्याकडून कोणी काही घेतलं असेल तर सुरुवातीलाच सांगावं आणि ते इतिवृत्तात यावं.

पान असं दिसावं :

*प्रश्न :* बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव झालेल्या बाईला ग्रामीण रुग्णालयात ट्रानेक्सॅमिक अॅसिड द्यावं का?

*पुरावा :* एक मोठा, चिठ्ठीच्या वाटणीचा अभ्यास, २०१७. तीन तासांच्या आत दिल्यास २०० जणींमागे एक मृत्यू कमी. उशीर होईल तसा फायदा घटतो, दर पंधरा मिनिटांना सुमारे १० टक्के. पिशवी काढण्याचं प्रमाण कमी होत नाही.

*आपली स्थिती :* औषध स्टोअरमध्ये, चावी फार्मासिस्टकडे, रात्री ते हजर नसतात.

*निर्णय :* सुरू करावं. दोन अॅम्प्युल, म्हणजे एक ग्रॅम, लेबर रूमच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये कायम ठेवाव्यात. प्रत्येक पाळीला सिस्टरनं मोजून सही करावी. प्रतिबंध म्हणून सरसकट देऊ नये.

*फेरविचार :* तारीख आणि जबाबदार व्यक्ती.

‘आपली स्थिती’ ही ओळ नीट भरली तर निर्णय जवळजवळ आपोआप पुढे येतो. दर पंधरा मिनिटांना फायदा घटणारं औषध कुलपात ठेवणं म्हणजे ते नसल्यासारखंच.

सहावी पायरी : राबवा आणि मोजा

बरेचदा उपचार माहीत असतो, औषधही असतं, पण वेळेत ओळखलं जात नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या सुमारे ८० रुग्णालयांत ‘ई-मोटिव्ह’ अभ्यास झाला, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. नवं औषध एकही नव्हतं. बाईखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी अंथरून रक्त मोजायचं, आणि मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्सॅमिक अॅसिड, सलाइन, तपासणी हे सगळं एकाच वेळी सुरू करायचं. मोजायला लागल्यावर रक्तस्राव ओळखण्याचं प्रमाण ५१ वरून ९३ टक्क्यांवर गेलं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू हे सगळं मिळून ४.३ ऐवजी १.६ टक्के झालं. नजरेनं ‘फार नाही गेलं’ असं म्हणायची सवय किती महाग पडते ते या आकड्यांत आहे. तुमच्या समितीकडे एकाच गोष्टीसाठी पैसे असतील तर ते या मोजमापाच्या पिशवीला द्या.

मोजायला नवं सॉफ्टवेअर नको. लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये तीन रकाने वाढवा : रक्त किती गेलं, रक्तस्राव ओळखल्याची वेळ, औषध दिल्याची वेळ. महिन्याच्या सभेत बाकी अहवालांआधी शेवटच्या दोन वेळांमधला फरक वाचा. तो अर्ध्या तासावर असेल तर आधी ट्रे कुठे आहे ते पाहा, मग रात्रपाळीत एकटी सिस्टर आहे का ते पाहा, आणि मगच प्रशिक्षणाचा विषय काढा. स्टेरॉइडसाठी वेगळे रकाने : दिवस कशावरून ठरवले, रेफर कुठे केलं, बाळ अठ्ठाविसाव्या दिवशी कसं होतं. शेवटचा रकाना भरायला आशाताईंची भेट लागते, म्हणून तो त्यांच्या नोंदीशी जोडावा.

फेरविचाराची तारीख सप्टेंबरमध्ये धरा, गाळप सुरू होण्याआधी. त्या बैठकीला कारखान्याच्या शेती विभागाचा माणूस बोलवा. कोणत्या गावाच्या शिवारात किती टोळ्या उतरणार याची यादी त्यांच्याकडे असते. ती मिळाली की त्या त्या उपकेंद्राच्या एएनएमला पहिल्याच आठवड्यात फडावर जाऊन गरोदर बायांची कार्डं पाहता येतात, आणि ज्यांची सोनोग्राफी झालेली नाही त्यांना ती वेळेत करून देता येते.